पेपर अकराचा, तर न्याहारी कितीची? परीक्षेच्या दिवसाचा नाश्ता ठरवायची रीत

साताऱ्यातल्या एका केंद्रावर मी दहावीच्या पर्यवेक्षणाला होते. पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. तिसऱ्या रांगेतली मुलगी पेन खाली ठेवून बाकावर डोकं टेकून बसली. जवळ गेले तर हात गार आणि कपाळावर घाम. सकाळी काय खाल्लंस म्हणून विचारलं, तर हळूच म्हणाली, "चहा आणि दोन खारी, सहा वाजता." शिपाईमावशींनी गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं. थोड्या वेळानं पोर सावरली, पण गेलेली वेळ काही परत मिळाली नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या खोलीत एक मुलगा उत्तरपत्रिकेवरच ओकला. त्याला घरून तुपातला शिरा, बदाम घातलेलं दूध आणि दोन उकडलेली अंडी खाऊ घातली होती, तीही घराबाहेर पडायच्या दहा मिनिटं आधी.

दोन्ही घरांत मायेची कमी नव्हती. चुकलं ते वेळेचं आणि मापाचं गणित. काय पौष्टिक आहे हे आपल्याकडच्या बहुतेक आयांना ठाऊक असतं. ते कधी द्यायचं, किती द्यायचं आणि आधी कधी देऊन बघायचं, तिथं गडबड होते. म्हणून पदार्थांची यादी खाली तिसऱ्या टप्प्यात ठेवली आहे. पहिले दोन टप्पे झाल्याशिवाय तिकडे उडी मारू नका.

१. आधी घड्याळ: पेपरच्या वेळेपासून उलटं मोजा

हॉलतिकीट किंवा शाळेनं दिलेलं वेळापत्रक समोर घ्या आणि प्रत्येक पेपरासमोर चार वेळा लिहा: पेपर सुरू व्हायची, वर्गात बसायची, घरातून निघायची आणि पेपर सुटायची. मुख्य नाश्ता पेपर सुरू व्हायच्या दोन ते अडीच तास आधी खाऊन संपला पाहिजे. 'खायला बसलं पाहिजे' असं मी म्हणत नाही, संपला पाहिजे. परीक्षेच्या दिवशी पोर एरवीपेक्षा हळू खातं, घास तोंडात घोळवतं. त्याची वीस मिनिटं वेगळी धरा.

दहावीच्या सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता सुरू होतो आणि साडेदहाला वर्गात हजर राहावं लागतं. भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा, वर दहा मिनिटं जादा, म्हणजे सुटका २ वाजून १० मिनिटांनी. गणित आणि विज्ञानाच्या भागांचे पेपर ४० गुणांचे, दोन तासांचे. साडेआठला खाल्लेलं पोर भाषेच्या पेपराला साडेपाच तास पुढचं काही खात नाही, गणिताच्या दिवशी त्याहून तासभर कमी. हा फरक नाश्त्यात दिसला पाहिजे. भाषेच्या दिवशी मुख्य नाश्ता साडेआठला आणि दहाच्या सुमारास छोटा खाऊ. गणिताच्या दिवशी खाऊ नसला तरी निभतं.

आपल्याकडे खरी अडचण इथंच येते. एरवी अकराची शाळा असली की पोरं साडेनऊ-दहाला पोळी-भाजी, वरण-भात असं पूर्ण जेवून जातात. परीक्षेच्या दिवशीही घरं तसंच करतात. मग भरल्या पोटानं पहिल्या तासात डोळ्यांवर झापड येते. जेवण बंद करू नका, त्या पोटाला त्याची सवय आहे. ते पाऊण तास अलीकडे आणा आणि भात निम्मा करा. पोळी, मऊ भाजी आणि वाटीभर घट्ट वरण पावणेनऊला, भात चार घास. जेवणाऱ्या मुलाला एकदम उपिटावर आणलं तर साडेबाराला त्याच्या पोटात कावळे ओरडतात.

सकाळच्या शाळेची घटक चाचणी किंवा वार्षिक परीक्षा साडेसात-आठला असते. तिथं दोन तास आधी खाणं म्हणजे साडेपाच, आणि लहान पोरांकडून ते होत नाही. तेव्हा निघण्याच्या पाऊण तास आधी हलकं, निम्म्या मापाचं खाणं द्या आणि बाकीचं पोषण आदल्या रात्रीच्या जेवणात भरून काढा.

शिष्यवृत्तीला दीड-दीड तासाचे दोन पेपर आणि मध्ये सुट्टी असते. तिथं सकाळच्या नाश्त्याइतकाच मधल्या सुट्टीचा डबा महत्त्वाचा. पालक सगळा जीव सकाळी ओततात आणि डब्यात बिस्किटांचा पुडा टाकतात. दुसऱ्या पेपराला पोर पेंगतं ते त्यामुळं.

तपासा: प्रत्येक पेपरासमोर 'नाश्ता संपला' अशी वेळ लिहून फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर कागद लावला का? मनात ठेवलेली वेळ सकाळच्या धावपळीत हटकून अर्धा तास पुढं सरकते.

२. मग पोट: दोन आठवडे आधी चाचणी घ्या

माझ्या मुलाच्या शिष्यवृत्तीच्या दिवशी मी त्याला पहिल्यांदाच भिजवलेले दहा बदाम आणि पेलाभर म्हशीचं दूध दिलं. एरवी तो दूध अर्धा कप घ्यायचा, तोही साईशिवाय. पोवई नाक्यापर्यंत पोचायच्या आत त्याला रिक्षा थांबवायला सांगावी लागली. त्या दिवसापासून माझा नियम एकच: परीक्षेच्या सकाळी ताटात असा एकही पदार्थ नको, जो त्या पोटानं गेल्या पंधरा दिवसांत तीनदा पचवलेला नाही.

पूर्वपरीक्षा आणि सराव पेपर असतात ते यासाठीही. जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेला तीन-चार पदार्थ आलटून पालटून द्या आणि वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकासमोर तीन गोष्टी टिपा: भूक किती वाजता लागली, पोट जड वाटलं का, पेपरात लघवीला जावं लागलं का. मुलालाच टिपायला सांगा. आठवीपुढची मुलं हे व्यवस्थित करतात आणि ठरवण्यात आपलाही हात आहे म्हटल्यावर खाण्यावरून वाद कमी होतात.

मुलाचं पोट कोणत्या प्रकारचं आहे तेही याच दिवसांत कळतं. काहींना घाबरलं की सारखी शौचाची भावना होते. त्यांना त्या सकाळी दूध, कडधान्याची उसळ, कोबी-फ्लॉवर नको. काहींची घाबरल्यावर भूकच मरते, त्यांना थोडं आणि दोनदा द्यावं लागतं. काही मात्र घाबरली की खात सुटतात. अशांना ताट वाढून द्यायचं, पातेलं पुढ्यात ठेवायचं नाही.

चहाचं काय? दहावीचं पोर रोज सकाळी चहा घेत असेल, तर नेमका परीक्षेच्या दिवशी तो तोडू नका, डोकं चढतं. कमी करायचा तर दोन आठवडे आधीपासून, घोटाघोटानं. आणि द्यायचा तर अर्धा कप, खाण्यानंतर तास उलटल्यावर. चहामुळं खाण्यातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो, आणि वयात आलेल्या मुलींना लोहाची गरज जास्त असते.

सावधान: मधुमेह, दमा, फिट्स असं काही असेल आणि सकाळची औषधं चालू असतील, तर नाश्त्याची वेळ औषधाच्या वेळेशी जुळवून घ्यावी लागते. ते डॉक्टरांना पंधरा दिवस आधी विचारा, आदल्या रात्री फोन करून नाही.

३. आता ताट: चार गोष्टी जमवा

एक, पोटाला आधार देणारं धान्य: ज्वारी, नाचणी, गहू, पोहे, रवा यांपैकी काहीही. दोन, प्रथिनं: मूग, शेंगदाणे, अंडं, दूध, दही, डाळ. तीन, थोडं फळ किंवा भाजी. चार, चमचाभर तेल किंवा तूप, त्याहून जास्त नको. नुसत्या धान्याचा किंवा साखरेचा नाश्ता लवकर जिरतो आणि दीड-दोन तासांत पोर गळतं. सोबत प्रथिनं आणि चोथा असला की तोच आधार हळूहळू मिळत राहतो. उलट तेल-तूप जास्त झालं तर अन्न पोटातच रेंगाळतं आणि ढेकरा येत राहतात.

हिशेबासाठी ढोबळ आकडे लक्षात ठेवा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर दुधात तेवढीच, आणि मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत किंवा तेवढ्याच कोरड्या मूगडाळीत सुमारे ७. यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी नाश्त्यात आल्या की मोठ्या मुलाचं काम भागतं. चौथी-पाचवीतल्या मुलाला एक पुरेशी आहे, दुसरी निम्मी.

मूगडाळीची धिरडी. माझं मत विचाराल तर अकराच्या पेपराला याच्यासारखं दुसरं नाही. सालीची मूगडाळ एक वाटी रात्री भिजत घाला. सकाळी आल्याचा पेराएवढा तुकडा, जिरं आणि कोथिंबिरीच्या काड्यांसकट वाटा. मिरची घालायची सवय असली तरी त्या दिवशी नको. दोन चमचे ज्वारीचं पीठ घातलं की धिरडं तव्याला चिकटत नाही. सोडा, इनो घालू नका, त्यानं पोटात गुबारा धरतो. तवा आधी नीट तापू द्या, मग आच मध्यम करा. पीठ पळीनं आतून बाहेर फिरवत पसरा, कडेनं अर्धा चमचा तेल सोडा आणि झाकण ठेवा. कडा सुटून वर आल्या आणि मधला ओला डाग नाहीसा झाला की उलटा. घाईनं उलटलेलं धिरडं मध्ये कच्चं राहतं, आणि कच्ची डाळ पोटात गेली की पेपरभर कळ येते. एका वाटीत आठ-नऊ छोटी होतात. दहावीच्या मुलाला तीन-चार, लहानाला दोन. सोबत दही किंवा ओल्या नारळाची सौम्य चटणी. आपली शेंगदाण्याची लसणीची चटणी चवीला चिमूटभर चालते, जास्त नको.

पोहे. हे सगळ्या घरांत होतात आणि बहुतेक घरांत नुसते कांदा-पोहे म्हणूनच होतात. एक वाटी पोह्यांना मूठभर शेंगदाणे घाला, चवीपुरते चार दाणे नकोत. मटार किंवा किसलेलं गाजर घाला. तेल दोन छोटे चमचे बस. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं पोह्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि ते जीवनसत्त्व उकळत्या आचेवर टिकत नाही. वर शेव घालायची ती पेपर सुटल्यावरच्या पोह्यांवर.

दूध-भाकरी. खटाव-माणकडे, जत-आटपाडीकडे घराघरात चालतं तेच. ज्वारीची भाकरी कुस्करून कोमट दुधात पाच मिनिटं भिजू द्या. गूळ घालायचा तर दूध कोमट झाल्यावरच, उकळत्या दुधात टाकलात तर नासतं. रोज दूध पचवणाऱ्या मुलाला हे उत्तम बसतं. ज्याला दुधानं पोट बिघडतं त्याला ताक-भाकरी द्या.

नाचणीची आंबील. दोन मोठे चमचे पीठ रात्री वाटीभर पाण्यात कालवून ठेवा. सकाळी आणखी पाणी घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं, कच्चट वास जाईपर्यंत शिजवा. सतत ढवळा, तळाशी गुठळी धरते. चांगली निवल्यावर ताक, मीठ आणि जिऱ्याची पूड घाला. गरम असताना ताक घातलं तर फुटतं. आंबील ज्या मुलाला सकाळी घास उतरत नाही त्याच्यासाठी आहे. पण ती पातळ असते, म्हणून सोबत अंडं किंवा शेंगदाण्याचा लाडू हवाच. आणि ती पेपराच्या दोन तास आधीच संपवा, नाहीतर पोराला मध्येच हात वर करून बाहेर जावं लागतं.

उपीट. नुसत्या रव्याचं उपीट हा फार तकलादू नाश्ता आहे. रव्याबरोबर मूठभर शिजलेली मूगडाळ, शेंगदाणे आणि दोन भाज्या घातल्या तर मात्र ते जमतं. शिऱ्याचंही तेच, फक्त तिथं साखर आणि तूप आणखी वाढतं. म्हणून शिरा पेपर संपल्यावरच्या संध्याकाळी करा.

अंडं चालणाऱ्या घरात उकडलेलं अंडं आणि पोळी, किंवा एका अंड्याची कमी तेलाची पोळी चपातीत गुंडाळून, हे पंधरा मिनिटांत होतं. अंडं पूर्ण उकडा, पातळ बलक त्या दिवशी नको.

फळात केळं सगळ्यांत सोपं. तासगावचे बेदाणे आपल्याकडे मुबलक मिळतात. रात्री भिजवलेले पंधरा-वीस दाणे नाश्त्यासोबत द्या. द्राक्षं द्यायची तर नीट धुऊन आणि दहा-बाराच. पाणीदार फळ जास्त झालं की पुन्हा लघवीचा प्रश्न येतो.

सावधान: मिसळ, वडापाव, कट, खर्डा, फोडणीचा शिळा भात, विकतची इडली-चटणी हे पेपराच्या आधीचे तीन दिवस बंद. मार्चमध्ये ऊन तापायला लागतं, नारळाची चटणी दुपारपर्यंत आंबते. मोड आलेली मटकी-मूग त्या आठवड्यात कच्ची देऊ नका, वाफवून द्या. टीव्हीवर दिसणारी तरतरीची पेयं, ग्लुकोजचं पाणी आणि चॉकलेट यांचा नाश्त्याशी संबंध नाही.

४. आदली रात्र

सकाळचं निम्मं काम रात्रीच होतं. साडेआठपर्यंत जेवणं उरका. भाकरी, पालेभाजी किंवा दोडक्या-दुधीची भाजी, वरण असं साधं जेवण. हॉटेल नको, पाहुण्यांनी आणलेली बासुंदी नको, हुलग्याचं माडगं कितीही आवडत असलं तरी त्या रात्री नको.

मग हे क्रमानं करा. डाळ आणि बेदाणे भिजत घाला. नाचणी कालवून ठेवा. भाजी चिरून डब्यात झाकून ठेवा. केळं पिकलेलं आहे की हिरवं ते बघा. गॅसची टाकी हलवून बघा, कारण पेपराच्या दिवशी पहाटे टाकी संपणं ही अनेक घरांची हमखास गोष्ट आहे. पाण्याची पारदर्शक बाटली घासून उपडी घाला. दूध नक्की किती वाजता येतं? घरपोच येणाऱ्या रतिबाची वेळ सात असेल आणि तुम्हाला साडेसहाला दूध लागणार असेल, तर अर्धा लिटर आदल्या दिवशी तापवून ठेवा.

इडली-डोशाचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा. फेब्रुवारीत साताऱ्यात, त्याहून जास्त वाई-महाबळेश्वरकडे रात्री थंडी असते. सांगलीत ज्या वेळात पीठ फुगून वर येतं, त्या वेळात इकडे ते हललेलंही नसतं. चार तास जास्त धरा, नाहीतर सकाळी दडस इडल्या होतील आणि पोर तीन घासांत ताट बाजूला सारेल.

जागरण करणाऱ्या मुलाला रात्री अकराला भूक लागते. अशा वेळी फरसाण काढून देऊ नका. मूठभर चिरमुरे आणि फुटाणे द्या, किंवा अर्धा कप दूध, आणि दिवा बंद करा. जागून काढलेल्या रात्रीची भरपाई कोणताही नाश्ता करत नाही.

तपासा: सकाळी जे करायचं ते बिनसलं तर पंधरा मिनिटांत काय होईल, ते ठरलं आहे का? आमच्याकडं उत्तर ठरलेलं असतं: पोळी, शेंगदाण्याचं कूट-गूळ आणि केळं.

५. सकाळ, अकराच्या पेपराची

साडेसहाला उठवणं. सातपर्यंत प्रातर्विधी, एक पेला कोमट पाणी. लगेच खायला बसवू नका. पोट साफ व्हायला वेळ द्या, घाईत राहून गेलं तर ते पेपरात आठवतं.

सव्वासात ते आठ वाचन. या वेळात तुम्ही स्वयंपाकघरात असाल. सव्वाआठला ताट. त्याच्या शेजारी बसा, पण प्रश्न विचारू नका. 'सूत्रं पाठ आहेत ना' हे वाक्य घशातला घास अडवायला पुरेसं आहे. पुस्तक आणि मोबाइल ताटापासून लांब. साडेआठ ते पावणेनऊ दरम्यान ताट संपलं पाहिजे. उरलं तर उरू द्या, शेवटचे चार घास भरवायच्या नादात वांती झालेली पोरं मी पाहिली आहेत.

पाणी एकदम गटागटा नको. पावणेदहापर्यंत घोट घोट करून एक पेला, त्यानंतर तहानेपुरतं.

निघताना दही-साखर हातावर द्या. ताजं, आंबट नसलेलं, एक चमचा. आजीच्या हातची वाटीभर नको. आजींना हे आदल्या दिवशीच प्रेमानं सांगून ठेवा, दारात वाद नको.

दहाच्या सुमारास, केंद्राबाहेर उभं असताना छोटा खाऊ: अर्धं केळं किंवा एक राजगिऱ्याचा लाडू. तो खाऊन चूळ भरायला सांगा, बोटं पुसायला रुमाल द्या. चिकट हातांनी उत्तरपत्रिकेला डाग पडतात.

६. एसटीनं येणाऱ्या मुलांसाठी

परळी खोऱ्यातून, मेढ्याकडून, कासच्या बाजूनं येणाऱ्या मुलांचं घड्याळ वेगळं चालतं. गाडी सात-साडेसातची, पेपर अकराचा. आया पहाटे पाचला उठून भाकरी-भाजी करतात आणि पोर ते खाऊन वळणावळणाच्या रस्त्यानं खाली उतरतं, तेव्हा पोटात ढवळतं. अशा मुलांनी न्याहारी दोन भागांत करावी.

घरून निघताना कोरडं आणि थोडं: पाव-अर्धी भाकरी गुळासोबत किंवा चार-पाच खजूर आणि मूठभर फुटाणे. दूध नको, ताक नको, तेलकट नको. गाडी लागणाऱ्या मुलाच्या खिशात आलेपाकाची वडी असू द्या. आल्यानं मळमळ कमी होते. पुढची खिडकीची जागा धरावी आणि गाडीत पुस्तक उघडू नये.

केंद्राच्या गावी उतरल्यावर पावणेनऊ-नऊला डबा उघडायचा. डब्यात हाताला न लागणारं, सांडणार नाही असं द्या: दशमी किंवा धपाट्यात गुंडाळलेली कोरडी मूगउसळ, नाहीतर अंड्याची पोळी. दशमी दुधात मळलेली असल्यामुळं मऊ राहते, पण उन्हाच्या दिवसात ती दुपारपर्यंतच चांगली, पेपर सुटल्यावर खायला ठेवू नका. बसून खायची जागा आदल्या पेपराला हेरून ठेवा. शाळेच्या आवाराबाहेर उभ्या-उभ्या खाल्लेलं अंगी लागत नाही, निम्मं तर मैत्रिणींशी बोलण्यात तसंच राहतं.

तपासा: डबा शिक्षकांकडे किंवा ओळखीच्या दुकानात ठेवायची सोय झाली आहे का? परीक्षा खोलीत तो नेता येत नाही.

७. पोर खातच नसेल तर

जबरदस्ती करू नका आणि उपाशीही पाठवू नका. साडेआठला नाही म्हणालं तर नऊला अर्धी वाटी आंबील किंवा पातळ मूगडाळीचं वरण पेल्यातून द्या, घास चावायचा नाही म्हटल्यावर बरीच मुलं घेतात. त्यावर साडेनऊला केळं. तेही नको असेल तर शेंगदाणा-गुळाचा एक लाडू खिशात द्या. केंद्रावर मैत्रिणी भेटल्या, भीती ओसरली की तो खाल्ला जातो.

मुलींची पाळी नेमकी पेपराच्या दिवशी आली तर एकदम पोटभर नको, निम्मं-निम्मं दोनदा द्या. सोबत कोमट पाणी असू द्या. दुखणं जास्त असतं अशा मुलीसाठी गोळी कोणती आणि कधी, हे आधीच डॉक्टरांकडून विचारून ठेवा. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका.

उपवासाचा प्रश्न दर वर्षी येतो. महाशिवरात्र, संकष्टी हे दिवस परीक्षेच्या आसपास पडतात. मुलानं उपवास धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरी घरात धरायचाच असेल तर साबुदाण्याच्या खिचडीवर पेपराला पाठवू नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि खिचडी तेलकटही होते. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, सोबत दही, असं द्या. गेली काही वर्षं रमजानही फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. रोजा ठेवणाऱ्या मुलाच्या सहरीत, म्हणजे पहाटेच्या खाण्यात, अंडी, डाळ, दही आणि जाड पिठाची रोटी असावी. तळलेलं आणि खारट टाळा, तहान लागते. सहरी आणि पेपर यांमध्ये तास-दीड तासाची तरी झोप मिळेल अशी सोय करा.

८. पेपर सुटल्यावर

दोन-सव्वादोनला बाहेर आलेलं पोर भुकेनं व्याकूळ असतं आणि गेटाबाहेर बर्फाचे गोळे, सामोसे, उसाचा रस उभाच असतो. परीक्षा चालू असेपर्यंत ते नको, पोट बिघडलं तर पुढचा पेपर हातचा जातो. पिशवीत ताक किंवा लिंबूपाणी आणि एक लाडू घेऊन जा. घरी आल्यावर साधं जेवण, मग तासभर झोप.

जेवताना वहीचं मागचं पान काढा. भूक कधी लागली, पोट कसं होतं, बाहेर जावं लागलं का, हे त्याच्याच तोंडून ऐकून तिथल्या तिथं टिपा. पुढच्या पेपराला धिरडी तीन की चार, खाऊ दहाला की सव्वादहाला, हे त्यावरून ठरवा, आणि उद्या पेपर असेल तर रात्री आठला डाळ भिजत घाला.